डॉल्फीअंकलचं हलकं चाक

आमच्या गावठाणात डॉल्फीअंकलची भाविक माणूस म्हणून ख्याती होती, आणि ती संपूर्ण खोटी होती.

कांदिवलीच्या त्या गावठाणात शिरताना एक छोटा चढ लागतो. चढ संपतो तिथे, नेमक्या वळणावर, जुना दगडी क्रूस आहे. आता त्याच्या मागे टॉवर उभा राहिलाय, पण क्रुसाला कोणी हात लावलेला नाही. बायका येता-जाता कपाळाला हात लावतात, संध्याकाळी कोणीतरी मेणबत्ती लावून जातं. डॉल्फीअंकलची लाल गाडी रोज त्या क्रुसापाशी थांबायची. नुसती थांबायची नाही, इंजिनच बंद व्हायचं. अंकल मान खाली घालायचे, ओठ हलायचे, मग ते किल्ली फिरवायचे आणि गाडी पुढे निघायची.

एका रविवारी फादरनी प्रवचनात त्यांचं उदाहरण दिलं. म्हणाले, "आज सगळ्यांना घाई आहे. पण आपल्यात असा एक जण आहे, जो क्रुसासमोर आल्यावर गाडीचं इंजिनसुद्धा बंद करतो." सगळ्या चर्चने वळून अंकलकडे पाहिलं. रेजिनाआंटीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, रुमाल तोंडात कोंबला. अंकलचे ओठ तिथे काय म्हणायचे, ते तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं, कारण मी त्या गाडीत मागच्या सीटवर पुष्कळदा बसले आहे. ती प्रार्थना नव्हती. ते शब्द मी इथे लिहू शकत नाही.

गाडी बंद पडायची ती इंजिनाला जोडलेल्या एका चाकामुळे.

आम्ही त्यांचे भाडेकरू. बाबा मूळचे मालवणकडचे, गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली सुटली आणि आम्ही डॉल्फीअंकलच्या घराच्या मागच्या खोलीत राहायला आलो. तिथेच मी बारावी झाले, तिथेच बी.एस्सी. झाले, फिजिक्समध्ये. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. हे मी जिथे जाते तिथे सांगते, विचारलं नाही तरी सांगते. आज मी बोरिवलीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि वर्गात फ्लायव्हीलचा धडा आला की माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकातली आकृती येत नाही, बनियनवर ओट्यावर बसलेले डॉल्फीअंकल येतात. ते मला नावाने कधीच हाक मारत नसत. "काय गं ग्रॅज्युएट!" ही त्यांची हाक. निकाल लागायच्या आधीपासून.

अंकल सांताक्रूझच्या विमानतळावर गाडी चालवायचे. प्रवाशांच्या सामानाचे डबे जोडलेला ट्रॅक्टर असतो ना, तो. दिवसभर लोकांच्या बॅगा ओढायच्या, बैलाच्या चालीने. "तिथे विमानं उडायची आणि मी त्यांच्या पोटाखाली रांगायचो," ते म्हणायचे. म्हणून असेल, पण घरी आले की त्यांना सगळं चटकन हवं असायचं. चहा बशीत ओतून आमच्या आधी संपवायचे आणि जीभ भाजली म्हणून आंटीवर ओरडायचे. चर्चमध्ये मिसाच्या वेळी सगळ्यांच्या आधी आमेन म्हणायचे. राग आला की आख्खी गल्ली ऐकायची, आणि गल्ली दारात येऊन उभी राहीपर्यंत राग गेलेला असायचा. "काय झालं?" असं कोणी विचारलं, तर तेच उलट विचारायचे, "कुठे काय झालं?"

तरुणपणी त्यांना शर्यतींचं वेड होतं. घाटात गाड्या पळवायच्या स्पर्धा व्हायच्या, तिथे ते आपली लाल गाडी घेऊन जायचे. बक्षीस मिळाल्याचं ते सांगायचे, आंटी मागून बोटाने 'नाही' म्हणून खूण करायची. त्याच काळात कधीतरी त्यांनी इंजिनाचं मूळचं जड फ्लायव्हील काढून तिथे हलकं, पोलादी चाक बसवून घेतलं. शर्यती सुटल्या, केस गेले, पण ते चाक गाडीत राहिलं.

फ्लायव्हील म्हणजे काय हे त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं ते माझ्या आईच्या शिलाई मशीनवर. आई ब्लाउज शिवत होती. अंकल दारात उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, पाय काढा बघू पायडलवरून."

आईने पाय काढला. खालचं मोठं चाक आपल्या नादात फिरत राहिलं, सुईने आणखी चार टाके घातले.

"बघ, ग्रॅज्युएट. तुझ्या आईने पाय काढला तरी चाक थांबलं नाही. ही जड चाकाची मजा. इंजिन मध्येच धापलं तरी चाक त्याला ओढून नेतं. आता हेच चाक हलकं असतं तर? पाय दाबला की भुर्रकन, पाय काढला की खल्लास!"

आई म्हणाली, "मगे शिवान उसावतला ता. हलक्या चाकाचा मशीन माका नको."

"वहिनी, तुम्ही ब्लाउज शिवता. मी गाडी पळवतो."

"खय पळवतास? कुरसाकडे तर रोज बंद पडता."

त्यावर अंकल इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पुढे कॉलेजात मी हेच सगळं गणिताने शिकले आणि मग आमची भांडणं सुरू झाली. ते म्हणायचे, हलक्या चाकाने इंजिनाची ताकद वाढते. मी म्हणायचे, "नाही वाढत, अंकल. ताकद आहे तेवढीच राहते. स्वतःचं चाक फिरवण्यात कमी खर्च होते, म्हणून गाडी पटकन वेग घेते. तेही खालच्या गिअरमध्ये जास्त कळतं. आणि त्याची किंमत मोजावी लागते. उभी असताना गाडी थरथरते, सिग्नलला बंद पडते, चढावर निघताना क्लच सोडायला जरा चुकलं की गेली."

"ताकदीला काय चाटायचंय? पायाखाली दाबलं की ती ऐकते गं. लगेच ऐकते. गिअर असा पडतो, लोण्यात सुरी. सोडलं की लगेच थांबते. जड चाकाची गाडी म्हणजे सरकारी ऑफिस. आज सांगा, उद्या हलेल."

"त्याला जडत्व म्हणतात."

"काय?"

"जडत्व. आहे ते तसंच चालू ठेवायचा गुण."

"हा गुण आहे?" ते कपाळावर हात मारायचे. "रेजी, ऐकलंस? हिच्या पुस्तकात तुझं नाव छापलंय."

कारण रेजिनाआंटी हे त्यांच्या मते जगातलं सगळ्यात जड चाक. माणसांच्या त्यांनी दोनच जाती केल्या होत्या, हलकं चाक आणि जड चाक. फादर हलकं चाक, प्रवचनात मध्येच बंद पडतात. भाजीवाली जड, एकदा बोलायला लागली की थांबत नाही. मी हलकं, "पण सर्व्हिसिंग बरं आहे." आंटी खरंच संथ होती. मसाला भाजायला बसली की दुपार घ्यायची. हाक मारली की हातातलं काम पुरं करूनच उठायची. अंकल दहा वेळा ओरडून गप्प झाल्यावर ती येऊन विचारायची, "कशाला बोलावतोस रे डॉल्फ्या?"

आणि गाडीतून निघालेलं ते मूळचं जड चाक? ते आंटीच्या स्वयंपाकघराच्या दाराला होतं. मागच्या दाराने वारा यायचा आणि दार आपटायचं, म्हणून तिने चाक दाराला टेकवून ठेवलं होतं. बोट आपटलं की आम्ही त्याला शिव्या द्यायचो. त्याच्याकडे नीट कोणी बघितलं नव्हतं.

माझ्या पदवीदानाला अंकल आम्हाला घेऊन गेले ती गोष्ट सांगायलाच हवी. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते पुढच्या सीटवर ताठ बसले होते. बाबा मुळात फार कमी बोलत. हायवेवर ट्रॅफिक, पाऊल पाऊल पुढे, आणि पाऊल पाऊल गाडी बंद. मागून हॉर्न. एक रिक्षावाला डोकं काढून म्हणाला, "अंकल, धक्का मारू का?" अंकल घामाघूम. मी मागे घड्याळ बघत रडकुंडीला आलेली.

बाबा शांतपणे म्हणाले, "पोचू ओ. कशाक घाबरतास?"

अंकलनी किल्लीवरचा हात काढला, बाबांकडे पाहिलं, मग आरशात माझ्याकडे. म्हणाले, "ग्रॅज्युएट, तुझा बाप बघ. गिरणी बंद पडली, इंजिनच गेलं की गं याचं. तरी हा माणूस फिरत राहिला. तुझी फी भरून झाली, तरी फिरतोय." मग जरा थांबून, "जड चाक," असं म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच आदराने ऐकला. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

पोचलो वेळेवर. फोटोत माझ्या डोक्यावर काळी टोपी आहे, बाजूला आईबाबा आहेत, आणि कोपऱ्यात लाल गाडीचं बॉनेट उघडून वाकलेले अंकल आहेत.

मग लग्न होऊन मी बोरिवलीला गेले. बाबा वारल्यावर आईला माझ्याकडे आणलं, पण आमचं जाणं-येणं सुटलं नाही. दर पंधरवड्याला मी एक चक्कर मारायचे. अशाच एका चकरेत आंटीने दारातच सांगितलं, "डॉक्टरनी याची गाडी बंद केली."

साखरेचा आजार जुना होता. डाव्या पायाची बोटं बधिर झाली होती. पाय क्लचवर आहे की खाली, हे त्यांना कळत नव्हतं. हलक्या चाकाच्या गाडीला तर क्लच अगदी नेमका सोडावा लागतो. एकदा ते चढावर मागे घसरले आणि एका स्कूटरला लागता लागता वाचले. अंकल ओट्यावर बसले होते, हातात किल्ली. हाक मारली नाही. मीच म्हणाले, "काय अंकल, ग्रॅज्युएट आलीय."

"बस," म्हणाले. "विकतोय गाडी."

मुलुंडचा एक तरुण इंजिनिअर, शर्यतींच्या गाड्यांचा शौकीन, फोटो बघून मागे लागला होता. त्याला नेमकं हलकं चाक असलेलीच गाडी हवी होती. अंकलचं म्हणणं सरळ होतं. उभी राहून गंजण्यापेक्षा तिला कळणाऱ्याच्या हातात जाऊ दे.

आंटी आतून म्हणाली, "मी शिकते."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. आंटीचे केस तोवर सगळे पांढरे झाले होते. सायकलसुद्धा तिने कधी चालवली नव्हती.

"तू?"

"मग काय झालं? दर आठवड्याला तुना हॉस्पिटलात कोण नेणार? रिक्षावाले वळणावरनं परत फिरतात. आणि गाडी गेली तर तू या ओट्यावर काय करणार, ते मना दिसतंय."

तिने ते अगदी हळू सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली, आणि दोन आठवड्यांत त्या शिकवणीने घराची वाट लावली. आंटी स्वभावाप्रमाणे क्लच सावकाश सोडायची, ॲक्सिलरेटर घाबरत दाबायची. जड चाकाच्या गाडीने एवढं सांभाळून घेतलं असतं. ही घेत नव्हती. धक्का, थरथर, बंद. पुन्हा किल्ली. धक्का, थरथर, बंद.

मी गेले त्या रविवारी ती दोघं क्रुसाच्या चढावर अडकली होती. मागे टेम्पो, त्याच्यामागे रिक्षा. अंकलचा आवाज मला स्टेशनच्या रस्त्यावरून ऐकू आला. "दाब! दाब म्हणतो ना! सोड आता... अगं हळू! दगड आहेस काय, रेजी? धोंडा आहेस नुसता!"

आंटीने हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि ती उतरली. साडी सारखी केली, क्रुसाला हात जोडले आणि मागे न बघता घरी चालत गेली. गाडी टेम्पोवाल्याने खाली घेऊन दिली.

अंकलचा राग कितीही मोठा असला तरी त्याला शेपूट नसायचं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना राग गेल्यावर काय करायचं ते कळेना. घरात आले, आंटी कांदा चिरत होती. "रेजी, चहा?" म्हणाले. तिने चहा दिला. तो निवून गेला, तरी त्यांनी बशीत ओतला नाही.

मुलुंडचा इंजिनिअर पुढच्या रविवारी आला. मीही मुद्दाम गेले होते. भला मुलगा होता. चपला काढून आत आला, पाणी प्यायला, मग गाडीची एक फेरी मारून आला आणि त्याचा चेहरा असा उजळला होता की मला त्याचा राग करता येईना.

"काका, काय गाडी ठेवलीय! पाय लावला की उडते. मी घेतो. आजच घेतो." मग म्हणाला, "मूळचं चाक आहे का हो? तेही द्या, सेट पूर्ण राहील."

"आहे ना," अंकल म्हणाले आणि आत गेले. मी मागोमाग.

आंटी स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठ करून भाजी चिरत उभी होती. "ते नाय मिळणार," ती न वळता म्हणाली. "दार आपटतं."

"अगं, दाराला वीट लाव."

अंकल खाली बसले, चाक दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतलं, आणि तसेच थांबले. उजेडाकडे फिरवलं. पुन्हा फिरवलं. बोट लावून बघितलं.

"रेजी," ते म्हणाले, "याला गंज कसा नाही?"

"मना काय ठाऊक?"

"एवढी वर्षं दारात आहे. पावसाची झड येते इथे. बिडाचं चाक आहे हे, एका पावसाळ्यात लाल व्हायला पाहिजे."

आंटी वळली. चिडलेलीच होती. "रविवारी मिसाला जायच्या आधी मी केसांना तेल लावते ना? मग हाताला उरलेलं तेल कुठे पुसू? तुझ्या शर्टाला? खाली चाक असतं, त्याला पुसते. तुझीच वस्तू ना ती? टाकवत नाय."

मी फिजिक्सची मास्तरीण; तो शब्द वर्गात मी हजारदा फळ्यावर लिहिला असेल. जडत्व. त्यात 'जीव जडणं'ही बसतं, हे त्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या दारात माझ्या लक्षात आलं. मी बोलले मात्र नाही. बोलले असते तर अंकलनी मला तेच चाक फेकून मारलं असतं.

ते उठले. चाक छातीशी धरून बाहेर गेले. मुलुंडचा मुलगा घ्यायला पुढे आला, तर अंकल मागे सरकले.

"गाडी नाही देत."

"काका?"

"तुला हलकं चाक पाहिजे ना? ते घेऊन जा. काढून देतो. तुझ्या कुठल्यातरी गाडीला बसव आणि घाटात पळव. सिग्नलला मात्र लाज काढेल, सांगून ठेवतो." मग घराकडे मान करून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गाडी बायकोची आहे!"

आतून सुरीचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, सावकाश.

गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स उतरवला तेव्हा अंकल शेजारी स्टूल टाकून बसले होते. जड चाकाची, जिथे क्लच बसतो ती बाजू घासून सपाट करून घ्यावी लागली, बाकी चाक ठणठणीत होतं. सगळं जोडून पहिल्यांदा गाडी सुरू केली तेव्हा मी तिथे होते. नुसती उभी राहून ती गाडी इतकी शांत चालू शकते, हे मला माहीतच नव्हतं. आरसा थरथरत नव्हता. अंकलनी कान लावला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "ऐक. बैल झाला माझ्या गाडीचा." पण बॉनेटवर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले.

आंटी शिकली. सावकाश शिकली, पण एकदा शिकलेलं विसरली नाही. लायसन मिळालं त्या दिवशी अंकलनी आख्ख्या गल्लीला ते स्वतःचं असल्यासारखं दाखवलं. अंकल डाव्या सीटवर बसायचे, खिडकीतून कोपर बाहेर, आणि सगळ्या वाहतुकीला सूचना द्यायचे. आंटी एकही ऐकायची नाही. आता गाडी क्रुसापाशी बंद पडत नव्हती, वळण घेऊन सरळ निघून जायची, आणि म्हाताऱ्या बायका कुजबुजायला लागल्या. एकीने तर तोंडावर विचारलं, "काय रे डॉल्फी, बायकोच्या हातात गाडी गेली आणि देवाला सोडलंस?"

अंकल गेले त्याच्या काही दिवस आधीची गोष्ट. मी गावठाणात शिरत होते. मागून लाल गाडी आली, माझ्या शेजारून चढ चढून गेली आणि क्रुसापाशी थांबली. कशाला, तर एक बाई मेणबत्ती लावत रस्त्यात वाकली होती. आंटीला घाई कुठली! ती क्लच दाबून शांत बसून राहिली. इंजिन चालू होतं, एका लयीत, अगदी हळू.

अंकल खूप वाळले होते. त्यांनी मला पाहिलं नाही. त्या जुन्या गाडीची किल्ली डॅशबोर्डच्या मधोमध आहे. गाडी क्रुसापाशी थांबली तसा त्यांचा उजवा हात आपोआप किल्लीकडे गेला, इतक्या वर्षांच्या सवयीने. किल्लीपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. गाडी तर चालूच होती.

तो हात क्षणभर तसाच हवेत राहिला. मग कपाळाकडे गेला, छातीकडे आला, एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे गेला. मान खाली झाली. ओठ हलले.

त्या वेळी ते काय म्हणाले, ते मला माहीत नाही.